उघडं लोखंड

माझा नवरा सायकलमुळं गेला असं सांगितलं की लोक आधी ट्रकबद्दल विचारतात. ट्रक नव्हता. एसटी नव्हती, डंपर नव्हता, आणि दारू तर त्यानं आयुष्यात घेतली नाही. गगनबावड्याच्या घाटात तो एकटा उताराला लागला होता आणि सायकलवर पाठ टेकून आडवा पडलेला होता. इथपर्यंत आलं की ऐकणाऱ्याचं तोंड कसंनुसं होतं. हळहळावं की हसावं ते त्याला कळत नाही. हसा की, मी म्हणते. आम्हीही त्या सायकलीला पाच वर्षं हसतच होतो.

समोर मी त्याला अहो-जाहो करायचे. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात दुसरं काही चाललंही नसतं. मनात मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच होतं, तेच इथं लिहिते. आता कोण रागावणार आहे!

उद्यमनगरात आमचं लेथचं दुकान. लोकांनी आणून दिलेलं लोखंड मापात कातून द्यायचं, हा धंदा. सासऱ्यांनी तो एका जुन्या यंत्रावर सुरू केला. त्यांना घरात आणि दुकानात सगळे अप्पा म्हणतात, मीही. नवरा दहावी झाल्यावर त्यांच्या शेजारच्या यंत्रावर उभा राहिला तो उभाच. चाळिशीत मणक्यातली गादी सरकली. दहा मिनिटं ताठ बसलं की डावा पाय बधिर व्हायचा. जेवायलासुद्धा तो भिंतीला टेकून, पाय लांब पसरून बसायचा आणि ताट पोटावर घ्यायचा. डॉक्टरांनी जड उचलणं बंद केलं, ते त्यानं ऐकून घेतलं. सायकल बंद केली तेव्हा मात्र आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

सायकल ही त्याची लग्नाआधीपासूनची खोड. दर रविवारी पहाटे उठून पन्हाळा, जोतिबा, नाहीतर गगनबावडा. मी शाळेत मराठी शिकवते. आठवडाभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून रविवारी मला घरात आपलं माणूस हवं असायचं, आणि ते कुठल्यातरी चढावर घाम गाळत असायचं. खरं सांगते, सायकल बंद झाली तेव्हा मला आतून बरंच वाटलं होतं.

मग कुणीतरी त्याला मोबाइलवर एक फिल्म दाखवली. परदेशातला एक गडी आरामखुर्चीत पडल्यासारखा पडून सायकल हाणत होता. नवऱ्यानं ती फिल्म इतक्यांदा पाहिली की मला त्या गड्याचे मोजे पाठ झाले. दिवाळी झाली आणि दुकान बंद झाल्यावर याचं नळ्या वाकवणं सुरू झालं. पुढं बारकं चाक, मागं मोठं, मध्ये खाली लवलेली एक जाड नळी, तिच्यावर तिरकी बैठक, डोक्याला टेकायला छोटी उशी, आणि पायडल पार पुढच्या चाकाच्याही पुढं. चालवणाऱ्यानं पाठ टेकायची, पाय समोर लांब करायचे आणि पायाच्या बोटांच्या फटीतून रस्ता बघायचा. कमरेवर भार नाही. पहिल्या दिवशी तो रंकाळ्याला एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "पाय बधिर झाला न्हाय गं." एवढं सुख मी त्याच्या तोंडावर लग्नातही पाहिलं नव्हतं.

कोल्हापूर असल्या माणसाला सोडतं होय? चौकाचौकात हाळ्या. "ओ पावणं, उशी घेतलीसा, वाकाळ इसरलासा की!" "हळू जावा, झोप लागंल!" तोही कमी नव्हता, पडल्यापडल्या हात वर करून सगळ्यांना राम राम घालत जायचा. शाळेतल्या बाया मला विचारायच्या, काल तुमच्या मिस्टरांची खाट स्टेशन रोडला दिसली. मी म्हणायचे, हो, धुवायला काढली होती.

अप्पा मात्र हसत नव्हते. त्यांचं मत पहिल्या दिवशी ठरलं ते ठरलं. "हे वाहन न्हाय. आजारपण हाय, चाकं लावलेलं." दुकानातलं प्रत्येक यंत्र, घरातली स्कूटर, मोटरसायकल यांना खंडेनवमीला हार पडायचा, ही सायकल मात्र बोळात भिंतीला टेकून उभी. पहिल्या वर्षी नवऱ्यानं तिच्यासाठीही एक हार आणला होता. अप्पांनी तो उचलून पाण्याच्या मोटारीला घातला. "वाहनाला हार आसतोय, खाटंला न्हाय." नवरा हसला, पण रात्री जेवला नाही. बाप-लेक दिवसभर चार हातांवर उभे असत आणि बोलणं फक्त मापाचं. अप्पांनी त्याच्या कुठल्या कामाला चांगलं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. वाईट म्हटलं नाही म्हणजे चांगलं, असा त्यांचा हिशेब. सेहेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याला त्या एका शब्दाची भूक होती आणि मला त्याचा राग यायचा. म्हणजे नवऱ्याचा नाही, अप्पांचा.

चढाला ती सायकल म्हणजे शिक्षा. साध्या सायकलवर माणूस उभा राहून वजन टाकतो, इथं पाठ रेटून नुसते पाय चालवायचे. शाळकरी पोरं त्याला मागं टाकून जायची. उताराला मात्र सगळा न्याय उलटा. साध्या सायकलवर छाती वाऱ्याला अडते, आडव्या माणसाचं वाऱ्याला तळपाय सोडून काही सापडतच नाही. पायडल न मारता ती जी सुटते ती सुटतच जाते. हे सगळं तो मला भाकरी करताना समजावायचा आणि मी हूं हूं करायचे.

मग त्यानं हट्टच धरला. दोन रविवार शाळेच्या मैदानावर मला पाडून-धडपडून शिकवलं आणि तिसऱ्या रविवारी जोतिबाच्या पायथ्याच्या शेवटच्या सरळ उतारावर मला तिच्यावर निजवलं. थोडं अंतर शेजारून पळत आला आणि सोडून दिलं. डोळ्यांपुढं माझेच पाय, त्यांच्यावर आभाळ. रस्ता दिसत नाही, तो पाठीखालून जातो आणि ऐकू येतो. आधी खरखर, मग ती खरखरही बारीक होत जाते आणि कानात फक्त वारा. मी ओरडायला तोंड उघडलं आणि हसायलाच लागले, एवढी मोठ्यानं की उसाच्या फडातून एक बाई उठून बघायला लागली. खाली कशीबशी थांबले. तो धापा टाकत आला, मीटर बघून म्हणाला, "बेचाळीस! मास्तरीणबाई, पोरगी झालीस की." त्या दिवशी मला कळलं की हा दर रविवारी कुठं जातो. घाटात नाही जात, कमरेचं दुखणं जिथं पोचत नाही तिथं जातो. त्यानंतर मी त्याला अडवलं नाही.

त्याचा आकडा वाढत गेला. ताशी साठ किलोमीटर, मग अडुसष्ट, मग शहात्तर. गगनबावड्याच्या घाटात एक लांब सरळ पट्टा आहे, तिथं ऐंशी गाठायचे, हा त्याचा ध्यास. हार्डवेअरचं दुकान असलेला त्याचा मित्र पिकअपमध्ये सायकल टाकून वर न्यायचा आणि मागून गाडी घेऊन उतरायचा. पण मी बायको आहे, मला माहीत होतं. त्याला ऐंशीपेक्षा जास्त काही हवं असेल तर ते एकच, अप्पांनी त्या सायकलीला वाहन म्हणावं.

वेग वाढला तसे त्यानं ब्रेक बदलले. दोन्ही चाकांच्या मध्याला एकेक पोलादी चकती बसवली. दांडी दाबली की दोन बाजूंनी पॅड त्या चकतीला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. विकतची चकती त्याला बारीक वाटली, म्हणून दुकानातच जाड पत्र्यातून कापली, कातली, घासून लख्ख केली. एकदा पुऱ्या तळता तळता मी बघायला गेले आणि सहज तिच्यावर बोट फिरवलं. तो असा खेकसला की माझ्या हातातला झारा पडला. "तेलाचा हात लावू नगंस! सगळ्या गाडीला तेल चालतंय, हितं न्हाय. हितं तेल लागलं की ब्रेक गेला." पावसाळ्यात त्या चकत्यांवर तांबूस ठिपके यायचे. ते तो बारीक पॉलिश पेपरनं तासन्‌तास घासायचा, पण तेलाचा थेंब लावायचा नाही. त्या खेकसण्यावरून मी दोन दिवस अबोला धरला होता, म्हणून ही गोष्ट माझ्या पक्की लक्षात राहिली.

आमच्या दुकानात खंडेनवमीला आधी तेल असतं, मग पूजा. दसऱ्याला यंत्रं बंद राहणार, आणि बंद यंत्राला इथल्या दमट हवेत रात्रीत गंज धरतो. म्हणून सगळं झाडून-पुसून झालं की जिथं जिथं रंग नाही, जिथं लोखंड नुसतं आहे, तिथं तेलाचं फडकं फिरवायचं. मगच भस्माचे तीन पट्टे, हळदकुंकू, हार. "उघडं लोखंड ठेवू न्हाय," हे अप्पांचं वाक्य. हे काम ते कुणाला देत नाहीत. घरातली विळी, कात्री, दाराची कडी, काही त्यांच्या फडक्यातून सुटत नाही. माझ्या माहेरी सणाला हाताला अत्तर लावायचे, इथं आमचा सण मशीनच्या तेलाचा वास घेऊन येतो.

त्या वर्षी नवरा म्हणाला, "उद्या सीमोल्लंघन. ऐंशीचं." पाऊस उघडला होता, घाट कोरडा होता. दुपारी त्यानं सायकल पुरी तपासली, हवा भरली, चकत्या घासून पुसून घेतल्या आणि झेंडू, आपट्याची पानं आणायला बाजारात गेला. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. अप्पा दुकानाची पूजा आटपून तेलाचा डबा घेऊन घरी आले होते आणि अंगणात त्यांचं काहीबाही चाललं होतं.

दिवेलागणीला नवरा आला आणि पिशव्या हातात धरून दारातच उभा राहिला. अंगणात ओळीनं अप्पांची मोटरसायकल, माझी जुनी स्कूटर आणि तिसरी ती सायकल. मधल्या नळीवर भस्माचे तीन पट्टे, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. अप्पा पाठीवर हात बांधून उभे. "बघतोस काय नुसतं? वाहन हाय न्हवं? मग पूजा नगं?" एवढं म्हणून आत गेले. त्यांना तिथं थांबवलं नसतं.

नवरा स्वयंपाकघरात आला. "अप्पांनी भस्म लावलं," म्हणाला. मी बरं म्हणाले. पाणी प्यायला. "अगं, अप्पांनी भस्म लावलं." जेवताना पुन्हा. त्या रात्री तो कूस न बदलता झोपला. पूजेला दसरा होईपर्यंत हात लावायचा नसतो, पुसायचं तर नसतंच. आमच्यात ते सगळे पाळतात. पहाटे त्यानं सायकल तशीच पिकअपमध्ये चढवली. चल म्हणाला मला. सणाचा स्वयंपाक टाकून कुठं येऊ, मी म्हणाले. "संध्याकाळी सोनं घेऊन येतो," म्हणाला आणि गेला.

मित्रानं नंतर सांगितलं ते असं. वर घाटमाथ्यावर त्यानं नेहमीसारखे दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहिली. ती हलली नाही. उभ्या चाकाला तेलकट चकतीसुद्धा धरते म्हणे, पळत्या चाकाला धरत नाही. तो उताराला लागला. सरळ पट्ट्यात एकदा हात वर केला. पट्टा संपला, वळण आलं आणि सायकल हळू झाली नाही. दिशा बदलली नाही, काही नाही, वेग कमी झालाच नाही. कठड्याला लागली. मीटरमध्ये त्र्याऐंशीचा आकडा निघाला. भेटायला आलेले लोक म्हणायचे, चला, इच्छा तरी पूर्ण झाली. असली इच्छापूर्ती वैऱ्याचीही होऊ नये.

मी पोचले तेव्हा त्याला सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं आणि सायकल चौकीच्या आवारात. कागदांवर सह्या होईपर्यंत मला बाहेर बसवलं. मी सायकलजवळ जाऊन उभी राहिले. नळीवरचं भस्म जसंच्या तसं होतं. पुढच्या चकतीला काळा चिकट राडा लागलेला दिसला, म्हणून बोट लावलं. बोट घसरलं. वास घेतला. आमच्या दुकानाचा, सणाचा वास. मागच्या चकतीलाही तेच. मला सगळं त्या क्षणी कळलं. पुरण वाटताना मागं अंगणात अप्पा काय करत होते ते पाठमोरी असूनही दिसलं. आमच्या दोन्ही गाड्यांचे ब्रेक चाकाच्या पोटात झाकलेले, चकतीचा ब्रेक अप्पांनी कधी वापरलाच नव्हता. इतकी वर्षं खाट म्हणून दूर ठेवलेली वस्तू त्यांनी आपल्या हातानं वाहनांच्या रांगेत आणली, तिच्या चकत्यांचं लख्ख, बिनरंगाचं लोखंड त्यांना दिसलं असेल, आणि हात आपोआप फडक्याकडं गेला असेल. उघडं लोखंड ठेवू न्हाय.

मी ओढणी काढली आणि दोन्ही चकत्या पुसल्या. खाली बसून, पाण्याच्या नळावर ओढणी भिजवून, पुन्हा पुन्हा पुसल्या. हवालदार म्हणाला, बाई, असू द्या, आता काय उपयोग. त्याला वाटलं मी वेडी झाले. मित्राला सांगितलं, ही सायकल कोल्हापूरला आणायची नाही, इथंच भंगारात घाला. नवऱ्याला अजून मी पाहिलंही नव्हतं. एक गेला होता, त्याच तेलानं दुसरा घालवायचा नव्हता, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी गावात लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते आणि आमची गाडी त्यांच्यातून वाट काढत घरी आली. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. खड्ड्यात मांडी घालून, पाठ ताठ करून, हातात इष्टलिंग ठेवून. ज्याला जेवणापुरतंही ताठ बसवत नव्हतं त्याला आम्ही कायमचं ताठ बसवलं. मला ते आजही सहन होत नाही. त्याला टेकायला काहीतरी द्या, असं मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी विचारलं, "ब्रेक का लागला न्हाय?" मी उत्तर तयार ठेवलं होतं. कुत्रं आडवं आलं, म्हणाले. त्यांनी मान हलवली. दुकानासमोर एक पिवळं कुत्रं असायचं, त्याला ते रोज सकाळी चहाबरोबर खारी टाकायचे. दुसऱ्या दिवसापासून बंद. ते बिचारं आठवडाभर पायरीवर येऊन बसलं आणि मग यायचं थांबलं. माझ्या खोट्यानं निदान एकाचं तरी पोट मारलं. पण अप्पांचं समाधान झालं नव्हतं. आयुष्य लोखंडात गेलेला माणूस तो. यंत्र कारण नसताना फसत नाही, हे त्यांच्या रक्तात. भाकरीचा तुकडा हातात धरून मध्येच थांबायचे. "कुत्रं आलं म्हन, तरीबी ब्रेक लागाय पायजे. चांगलं काम हुतं त्येचं. मी बघितलंय." मी उठून पाणी आणायला जायचे. "सायकल आनाय पायजे हुती. बघितलं आसतं काय तुटलं त्ये." वर्षभर हे ऐकत होते. आणि आणखी एक सांगते, वाईट वाटलं तरी सांगते. त्या वर्षात मी त्यांच्या हाताकडं बघत नव्हते. ताट ठेवलं की नजर भिंतीकडं. प्रेमानंच केलं त्यांनी, मला ठाऊक होतं, माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, तरी काही दिवशी त्या हातांचा इतका संताप यायचा की मी न्हाणीत नळ सोडून रडायचे. रडून झालं की त्यांना रक्तदाबाची गोळी द्यायची वेळ झालेली असायची.

मधल्या काळात माझी स्कूटर बंद पडली आणि नवी घेतली. शोरूममधला पोरगा म्हणाला, मॅडम, पुढं डिस्क ब्रेकवाली घ्या, सुरक्षित असते. मी हो म्हणाले.

वर्षानं खंडेनवमी आली. सण करायचा नाही असं ठरलं होतं. अप्पा म्हणाले, "हार नगं, काय नगं. पर तेल लावल्याबिगर दुकान बंद करायचं न्हाय. गंज काय दुःख बघून थांबत न्हाय." शाळा सुटल्यावर मी त्यांना घरी न्यायला गेले. स्कूटर दुकानाच्या दारात लावली आणि आत कामगारांशी बोलत उभी राहिले. अप्पा यंत्रं आटपून बाहेर आले. हातात फडकं. माझी स्कूटर त्यांनी पाहिली, कमरेत वाकले, पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले.

"अप्पा! हात काढा!"

माझा आवाज वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा आहे. रस्त्यावरचे लोक थांबले. अप्पांचा हात चकतीपासून चार बोटांवर थांबला.

"काय झालं गं?"

"तिथं तेल लावू नका."

"का? उघडं लोखंड हाय."

"ब्रेक आहे तो."

मी एवढंच बोलले. दुसरं काही बोलता आलं असतं. नवी गाडी आहे, राहू द्या, असंही चाललं असतं. पण तोंडातून ते गेलं. अप्पांनी चकतीकडं पाहिलं. वाकून दोन बाजूंच्या पॅडकडं पाहिलं. मग हातातल्या फडक्याकडं. ते फडकं त्यांनी खाली ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं, आणि तसेच मागं सरकून उंबऱ्यावर बसले. मी कामगारांना घरी पाठवलं.

"कुत्रं न्हवतं," ते म्हणाले.

"नाही."

"तुला कवापास्नं ठाव?"

"चौकीत सायकल पाहिली तेव्हापासून."

"त्येला कळलं आसंल काय गं? शेवटाला?"

"माहीत नाही, अप्पा," मी म्हणाले. हे खोटं होतं. ब्रेक घसरला तेव्हा त्याला कळलं असणार, तेल आहे, आणि कुणाचं आहे. लेथवर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस तो. हे एक खोटं मात्र मी आजवर परत घेतलेलं नाही, घेणारही नाही.

"आन वर्सभर मला भाकरी वाढत हुतीस."

"हो."

"कशी वाढलीस गं?"

"कधी कधी आपटून वाढली. तुम्हाला वाटलं, शाळेत कुणाशी भांडून आले."

"राग आला हुता माझा?"

"खूप. तुमच्या हाताकडं बघवत नव्हतं मला."

त्यांनी आपले दोन्ही हात उचलून पाहिले, पुढून, मागून, आणि मांडीवर ठेवले. मला वाटलं आता ते छाती धरतील. वर्षभर मी ज्याला भीत होते ते आत्ता इथं होईल. गाडीचा विचार केला, जवळचा दवाखाना कुठला तोही आठवला. पण त्यांनी मान वर केली तेव्हा ते माझ्याकडंच बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते स्वतःसाठी नव्हतं.

"एकटीच रडत हुतीस व्हय वर्सभर? येडी हाईस काय? मला सांगितलं आसतंस तर दोघं रडलो आसतो की."

"मग आता रडा," मी म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.